आधी क्षितिजरेषा

"आणि ही खाली दोन वांगी कसली?" मी विचारलं, आणि वर्ग हसला.

वर्ग म्हणजे आमच्या चित्रकला महाविद्यालयाचं दुसरं वर्ष. एकवीस मुलं-मुली, त्यातली निम्मी बारावीत गणित सुटलं नाही म्हणून कलेकडे वळलेली. त्यांच्यासमोर टेबलावर हार्डबोर्डाचे तीन तुकडे भिंतीला टेकवून उभे केले होते आणि तुकड्यांशेजारी त्यांचा कर्ता उभा होता. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, पायात जाड तळाचे बूट. वीज मंडळाचा वायरमन. नाव सुखदेव तायडे.

"ते राहू द्या सर," तो म्हणाला.

"राहू कसं द्यायचं? तिन्ही चित्रांत तळाशी मधोमध दोन वांगी आहेत. भाजीबाजार आहे का हा?"

पुन्हा हशा. तायडेही थोडा हसला. आपल्यावर हसणाऱ्यांसोबत आपणही हसावं, म्हणजे लवकर संपतं, हे त्याला माहीत असावं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. गाव अकोला. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्यात चित्रकलेतलं कळणारा माणूस एकच, तो म्हणजे मी, असं माझं ठाम मत होतं. शाळांतले ड्रॉइंग मास्तर माझ्या लेखी रंगारी होते. मुंबईत नाव काढलेले माझे वर्गमित्र लाळघोटे होते. गावात भरणारी प्रदर्शनं म्हणजे रांगोळीची स्पर्धा. मी स्वतः सात वर्षांत एक चित्र पूर्ण केलं नव्हतं, त्याला कारण असं की इथं दाखवायचं कोणाला.

तायडे त्या दिवशी स्टाफरूमबाहेर दोन तास थांबला होता. खाकी शर्ट पाहून मला वाटलं, मंडळानं माणूस पाठवला. मी त्याला बंद पडलेला पंखा दाखवला. तो स्टुलावर चढला, रेग्युलेटर उघडला, वायर जोडली, पंखा सुरू झाल्यावर हात पुसले, आणि मग म्हणाला, "सर, मी चित्रं दाखवाले आलो होतो. सायकलले बांधले हायेत."

वायरमन आणि चित्रं! तासाला जायचं होतंच. म्हटलं, चला वर्गातच. मुलांची करमणूक होईल.

तर ती चित्रं. मीटरच्या खोक्यांतून येणारा हार्डबोर्ड, त्यावर ऑइलपेंट. करडा, लाल, काळा, पांढरा हे रंग जास्त. खांबांवर नंबर टाकायला आणि धोक्याच्या पाट्या रंगवायला जे डबे मिळतात, त्यांतलेच. प्रत्येक बोर्डावर एक गाव. घरांची छपरं वरून दिसत होती, पण त्याच घरांची दारं समोरून. कडुनिंब म्हणजे नुसता हिरवा गोळा. रस्ते सापासारखे वळत वर चढत गेलेले. आणि माणसं सगळी उताणी. हापशाभोवती बाया उताण्या, ओट्यावर म्हातारे उताणे, शाळेच्या आवारात पोरं उताणी. सगळ्यांचे चेहरे सरळ बघणाऱ्याकडे लागलेले, तोंडं किंचित उघडी.

"ही माणसं मेली आहेत का?" मी विचारलं.

"नाही सर. जिती हायेत."

"मग झोपलीत का सगळी? भर दुपारी?"

"उभी हायेत, सर."

"पाहा," मी वर्गाकडे वळलो. "उभी आहेत म्हणे. तंत्र शिकल्याशिवाय चित्र काढलं की असं होतं. उभा माणूस मढं दिसतो." मी खिशातून लाल ऑइल पेस्टल काढलं. त्या वेळी मी छान रंगात होतो. "आधी क्षितिजरेषा. ती कुठे आहे? नाहीच." आणि मी त्याच्या चित्रावर, त्या हापशाच्या आणि बायांच्या अंगावरून, आडवी लाल रेघ मारली. "ही क्षितिजरेषा. ती नेहमी बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला. आता सगळ्या रेषा या इथं, एका बिंदूत मिळणार." चार, पाच, सहा तिरप्या रेघा. मग खालच्या दोन वांग्यांवर फुली.

तायडे रेघांकडे पाहत होता. चिडलेला नव्हता. विचारात पडलेला होता.

"नजरेच्या उंचीले म्हन्ता सर? म्हंजे आपुन कोठी उभे हाओत, त्याच्यावर राह्यते का ते?"

"अर्थात."

"मंग..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं मला स्पष्ट दिसलं. मी भुवया वर करून त्याच्याकडे पाहिलं. वर्गातल्या मुलांनीही पाहिलं. त्यानं वाक्य गिळलं. "काही नाही सर. मले शिकवता का?"

"रविवारी ये. आठला," मी म्हणालो. मी त्याला अरे-तुरे करायला लागलो ते तिथून. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी ते बदललं नाही.

रविवारी आठला तो हजर. पातूरच्या बाजूला सबस्टेशनच्या वसाहतीत तो राहायचा, तिथून सायकलनं यायचा. मला वाटलं, दोन रविवार येईल, ठोकळे काढून कंटाळेल आणि सुटेल. तो चौदा महिने आला. एक रविवार चुकला नाही.

आणि शिकवताना माझ्या लक्षात आलं की असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. त्याचा हात कापतच नसे. चालू लाइनवर काम करणाऱ्याचा हात, तो कापून चालतच नाही. घन, दंडगोल, खुर्ची, जिना, रस्ता, रेल्वेचे रूळ, एकेक धडा तो गिळत गेला. मी चुकीला हसायचो, तो चूक पुसायचा. "तुझ्या त्या मढ्यांपेक्षा हे बरं की नाही?" असं मी दर महिन्याला एकदा विचारायचो. तो म्हणायचा, "हाव सर. मले काही समजतच नव्हतं."

निसर्गचित्रासाठी मी त्याला माझी विद्यार्थीदशेतली चित्रं नकलायला दिली. तलाव, तलावात होडी, काठाला नारळ, मागे मावळता सूर्य. तायडेनं समुद्र पाहिला नव्हता, होडीत बसला नव्हता, आणि आमच्या भागात नारळ देवळाबाहेरच्या टोपलीतच दिसतो. पण तो नारळ काढायला लागला, आणि सफाईनं काढायला लागला. मग एकदा बोर्ड संपल्याचं त्यानं सांगितलं तेव्हा मीच म्हणालो, "नवे कशाला शोधतोस? घरी ती जुनी आहेत ना? त्यांच्यावर पांढरा मार आणि वापर."

तो म्हणाला, "बरं सर."

वर्षभरात जिल्हा प्रदर्शनात त्याच्या तलावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. निवड समितीत मी होतो, तेव्हा त्याचं कौतुक नको. स्थानिक पेपरात फोटो आला, 'वायरमनच्या हाती कुंचला'. फोटोत मधोमध मी. तायडे कडेला, हातात प्रशस्तिपत्रक, मान खाली.

त्यानंतर महिन्याभरात सुखटणकरबाई आल्या.

नयना सुखटणकर, मुंबईच्या. एका खासगी संग्रहासाठी चित्रं निवडायचं काम करायच्या. जाडीभरडी खादी, कपाळाएवढं कुंकू, गळ्यात आदिवासी चांदी. माझ्या मनात लगेच त्यांच्यासाठी एक खण तयार झाला, खेड्यापाड्यांतून 'अस्सल' गोळा करत हिंडणाऱ्या श्रीमंत बायकांचा. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"हे चित्र मला ठाण्यात एका ज्युनिअर इंजिनिअरच्या घरी दिसलं. ते पूर्वी इकडे होते. बदली झाली तेव्हा एका वायरमननं त्यांना भेट दिलं म्हणे. त्यांच्याकडे इथल्या पेपरचं कात्रण होतं, त्यात तुमचं नाव त्याच्याबरोबर वाचलं, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

फोटोत हापसा होता, हिरवा गोळा होता, उताणी माणसं होती. तळाशी दोन वांगी.

"हां, हे त्याचं अडाणीपणाच्या काळातलं," मी म्हणालो. "आता बराच सुधारलाय. माझ्याकडेच शिकतो."

त्यांनी फोटो परत पिशवीत ठेवला. "आपण लगेच जाऊ या का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याकडे भाड्याची जीप होती. तायडेची सुट्टी होती, तो घरीच होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे ट्रान्सफॉर्मरची सतत चाललेली घरघर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी प्रशस्तिपत्रक, तेवढंच काच लावून. त्याची बायको पंचफुलाबाई पदर सावरत चहा ठेवायला आत गेली. तायडेची नुसती धावपळ उडाली. माझ्यासाठी शेजारून खुर्ची आणली. मॅडमसाठी लोखंडी पेटीवर चादर अंथरली.

मग तो एकेक बोर्ड आणून मांडायला लागला. तलाव. तलावात होडी. होडीशिवाय तलाव. झोपडी आणि नारळ. दोन नारळ. सूर्य. प्रत्येक वेळी तो आधी माझ्याकडे बघायचा आणि मग मॅडमकडे. सुखटणकरबाई सात-आठ चित्रांपर्यंत मान डोलावत होत्या. मग मान थांबली.

"छान हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण मी जुनी बघायला आले आहे. अशी." त्यांनी फोटो पुढे केला.

तायडे ओशाळला. "अरे देवा, हे सायबानं अजून ठेवलं होय? ते चुकीचं हाय मॅडम. सरांनी सांगतलं तवा समजलं."

"आणखी किती होती अशी?"

"एक्केचाळीस."

"कुठे आहेत?"

"हेच तं." त्यानं मांडलेल्या तलावांवरून हात फिरवला. "याच्याच खाली हायेत. पांढरा मारला ना सगयाईले. सर बोलले, नवे बोर्ड कायले शोधतं."

मी चहाच्या कपाकडे पाहिलं. सुखटणकरबाई उठल्या, एक तलाव हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरला. पांढऱ्या थरातून कुठेकुठे जुन्या रंगाचे उंचवटे जाणवत होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, आंधळा माणूस फिरवतो तसं.

पंचफुलाबाई चहा देऊन दारात उभी राहिली होती. ती एकदम म्हणाली, "बाई, पहिलेच्या चित्रात मले माह्यं घर सापडे. आमची बुढी पानी भराले जाये, ते सापडे. ह्या नारयाच्या झाडाखाली कोन राह्यते, मले तं काही मालूम नाही."

"तुले काय समजते?" तायडे दबक्या आवाजात म्हणाला. "सरांसमोर काहीही बोलतं."

"मला सांगा," सुखटणकरबाई म्हणाल्या आणि फोटोवर बोट ठेवलं. "हे खाली काय आहे?"

मी चौदा महिने त्याला शिकवलं होतं. वांगी म्हणून हसलो होतो, फुली मारली होती. ते काय आहे, हे मी उत्तराची वाट बघून कधी विचारलं नव्हतं.

"ते माहे बूट," तायडे म्हणाला.

"बूट?"

"आमचं काम असं राह्यते मॅडम, का दुसऱ्या टोकाचं काम होईस्तोवर पोलवरच पट्टा बांधून बसा लागते. कधी अर्धा घंटा, कधी दोन. मंग काय करावं? खाली पाह्यत राहावं. खाली पाह्यलं का पहिले आपले बूट दिसते. बुटाच्या खाली मंग गाव."

"आणि ही माणसं?"

"लाइट गेली का लोकं पोलखाली येते ना. वर पाह्यते. भाऊ, लाइट कवा येते? भाऊ, आज येते का नाही? म्हनून सगयाईचे तोंड वर. आन् वरून तं छपरंच दिसते, दार दिसत नाही. पन दार मले मालूम होतं कोनाचं कसं हाय. म्हनून काढलं." तो माझ्याकडे वळून हसला. "मी सरांले पहिल्या दिवशी ईचारनार होतो, का नजरेची उंची तं माही तीस फूट हाय. पन म्हटलं, आपली अक्कल कायले दाखवा."

सुखटणकरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची मी वाट पाहत होतो, पण त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"तायडे, माझ्यासाठी एक काढाल? पोलवरून दिसतं तसं. घाई नाही. मी थांबते."

"आता? हाव, काढतो ना."

तो जमिनीवर मांडी घालून बसला. कागद पाटावर ठेवला. डोळे मिटले, उघडले आणि त्या न कापणाऱ्या हातानं कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढली. पट्टीनं ओढावी तशी सरळ.

"ही नको," बाई हळू म्हणाल्या.

"हाव, हाव." त्यानं ती पुसली. पुन्हा पेन्सिल टेकवली. या वेळी खालून सुरुवात केली, दोन बूट काढले. मग घर. छप्पर काढताना त्याच्या हातानं छपराच्या कडा आपसूक तिरप्या केल्या, लांब कुठेतरी मिळणाऱ्या. त्यानं ते पाहिलं. पुसलं. दुसरं घर काढलं. तेही तसंच. हापशाजवळ बाई काढली, ती आखीव उभी राहिली, चेहरा बाजूला, डोक्यावर घागर. माझ्या पुस्तकातली बाई. त्यानं तिला पुसलं, आडवं करायचा प्रयत्न केला, आणि मग ती खरोखरच पडल्यासारखी दिसली. पंचफुलाबाई दारातून पुढे येऊन त्याच्या खांद्यावरून कागद पाहत होती. कागद घासून घासून एका जागी फाटला.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"आता चुकता येत नाही, मॅडम," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात दिलगिरी होती, कारण पाहुणीची इच्छा पुरी करता आली नव्हती. पण थोडा अभिमानही होता. तो अभिमान माझ्या वाटणीचा होता. त्यानं तो माझ्याकडे बघून मला दिला.

परतीच्या वाटेवर रेल्वे फाटक लागलं. फाटक बंद होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तेव्हा सुखटणकरबाईंनी विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

"काय?"

"ते काय होतं ते."

"नाही," मी म्हणालो. "एका धडपडणाऱ्या माणसाला मदत केली, एवढंच."

त्यांनी मान बाहेर वळवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "दिसून केलं असतं तर माझ्याच्यानं तुमच्या शेजारी बसवलं नसतं."

मालगाडी लांब होती. मी डबे मोजत बसलो.

दिसलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिला बोर्ड टेबलावर उभा केला त्या क्षणी. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या एकाही चित्रातल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आणि या वायरमनच्या बोर्डावरून तीस-चाळीस माणसं माझ्याकडे टक लावून बघत होती. मुलं ते बघतील आणि त्यांनाही दिसेल, या भीतीनं मी घाईघाईनं वांग्यांचा विनोद केला. ते हसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मग पेस्टल काढलं. आणि मग रविवार सुचला. मोडून टाकलं असतं तर त्यानं नवं काढलं असतं. मी मोडलं नाही. मी शिकवलं.

ठाण्याचं ते एक चित्र आज मुंबईत त्या संग्रहात आहे. मी एकदा जाऊन पाहून आलो. खाली कार्डावर लिहिलंय, 'सुखदेव तायडे, स्वयंशिक्षित चित्रकार'. त्या एका चित्रापुरतं ते खरं आहे. बाकीचा तायडे अजून आहे, निवृत्त झालाय, त्याचे तलाव इकडच्या दोन बँकांत आणि एका दवाखान्यात लावलेले आहेत. लोक त्यांच्याखाली बसून नंबराची वाट बघतात. वर कोणी बघत नाही.

पण मला सांगायचंय ते सुखटणकरबाई येऊन गेल्या, त्या पुढच्या रविवारचं.

मला वाटलं होतं, तो येणार नाही. मनातून मी तशी इच्छाच करत होतो. आठला सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. इमारतीत आम्ही दोघंच. वर्ग नव्हता, हसणारं कोणी नव्हतं, ज्यांच्यापुढे शान जाईल असं कोणी नव्हतं. मी काहीही बोलू शकत होतो.

"सर, मॅडमचं पत्र आलं का?"

"नाही."

तो बाकावर बसला. बोटांनी पिशवीचा बंद सोडत, पुन्हा बांधत राहिला. "मॅडम नाराज होऊन गेल्या. पंचफुलाही तवापासून धड बोलत नाही. म्हन्ते, तुमचं काहीतरी गेलं. काय गेलं म्हटलं तं सांगता येत नाही तिले." त्यानं माझ्याकडे पाहिलं. वर, तोंड किंचित उघडं, उत्तराची वाट बघत. "सर, खरं सांगा. माह्यं काही चुकलं का?"

मी खिडकीकडे गेलो. ती उघडली. परत आलो.

"ढग," मी म्हणालो. "ढग कच्चे आहेत तुझे."

त्याचा चेहरा उजळला. "मी बोललोच होतो पंचफुलाले! ढगातच काहीतरी राह्यलं म्हटलं."

त्यानं पिशवी उघडली, कागद काढला, बोर्डाला चाप लावला. मी पाणी आणलं. साडेअकरापर्यंत मी त्याला ढग शिकवले.